वापस कसं भेटन?

आमच्या बाईंकडून कुणी साधी चाळणी मागून नेली तरी त्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "ने, पन वापस कसं भेटन?" कधी नव्हे, कसं. कोण आणून देणार, घराला कुलूप असलं तर कुणाकडे ठेवणार, हे ठरल्याशिवाय चाळणी उंबरठा ओलांडत नसे. रामाकोन्यात, आमच्या गावात, सगळे त्यांना पाठीमागे वापसबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "म्हनू दे. वस्तू घरी तर येते," एवढंच त्या म्हणत. मराठी शाळेत चार वर्षं त्यांनी मला शिकवलं, आणि त्या चार वर्षांत मीही हे नाव घेऊन पुष्कळ हसलो.

निवृत्त झाल्यावर बाईंना एक वेड लागलं. आमच्या वस्तीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या ओव्या त्या फोनवर टेप करू लागल्या. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचलेल्या बाया त्या. जात्यावरचं, वेचणीचं, लेकीला सासरी धाडतानाचं सगळं त्यांच्या तोंडात होतं. वर्ष-दोन वर्षांत तीसेक जणींचे आवाज गोळा झाले आणि फोन भरला. बाई सौंसरला माझ्या ऑनलाइन सेंटरवर आल्या. "तू मोठा कॉम्प्युटरवाला झाला. हे कुठं ठेवू, सांग."

मी तेव्हा दीड शहाणा होतो. तीन सेवा उघडून दाखवल्या. एक फुकट, एक वर्षाला पैसे घेणारी, आणि तिसरी नुसती जुनी प्रत सांभाळून ठेवणारी, जिचं पान मला रटाळ वाटलं म्हणून मी पुढे सरकवलं. बाईंनी जागा किती ते विचारलंच नाही. "माहा नंबर बंद झाला तर? मी मेल्यावर कोनाले उघडता येईन? अन् चुकून पुसलं, तर वापस कसं भेटन?" गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी चिडून म्हणालो, "बाई, एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत, त्या काय तुमच्या ओव्या हरवणार?" आणि फुकटवाली उघडून दिली.

"तू सांगून राहिला ते ठीक. मले करून दाखव," बाई हटल्या नाहीत. एक गाणं वर चढवायचं आणि माझ्या फोनवर परत उतरवायचं. त्यांनी एक निवडलं. कुणी म्हातारी वेचणीची ओवी म्हणत होती, मध्येच तिला ठसका लागला आणि ती म्हणाली, "थांब व माय, घोटभर पानी पिऊ दे." मग भांड्याचा आवाज, मग पुन्हा ओवी. गाणं माझ्या फोनवर नीट आलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

तरी समाधान कुठलं! प्रत्येक म्हातारीचं गाणं त्यांनी तिच्या तिच्या लेकीच्या सासरी पोचवलं. कुणाच्या फोनवर, कुणाला मेमरी कार्डावर. बोरगावला, पांढुर्ण्याला, कुठे कुठे. मी थट्टा केली तर म्हणाल्या, "माहा बाप ज्वारीचं बियानं एका घरी ठेवत नव्हता. अर्धं लेकीच्या घरी धाडे. आपल्या घरी उंदरं लागले, तर तिकून येते." मला ते खेडवळ वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या खेपेला फोन पुन्हा भरला होता. मी म्हणालो, "फोनमधलं पुसून टाका, वर आहेच की." बाईंनी माझ्या शब्दावर एकेक करून सगळं पुसलं. दोन महिन्यांनी विहारात बायांचा कार्यक्रम होता, तिथे गाणी लावायला गेल्या तर काहीच नाही. ती सेवा प्रत ठेवणारी नव्हतीच, ती आरसा होती. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जाई, आणि कचऱ्याच्या पेटीतून महिन्याने कायमचं जाई.

हे मला माहीत नव्हतं. दारावर 'सर्व ऑनलाइन कामे' अशी पाटी लावून बसलेल्या मला! आणि त्या कंपनीचा तर आजही संताप येतो. पहिल्या पानावर हसणारं कुटुंब आणि 'तुमच्या आठवणी सुरक्षित' अशी मोठाली अक्षरं. पुसल्यावर काय होतं ते मात्र सात पानं आत, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. साठीच्या बाईने ते शोधायचं कसं? मी तक्रार लिहिली. क्षणात यंत्राचं उत्तर आलं : आपली अडचण आम्ही समजू शकतो. डोंबल समजता! माणूस शेवटपर्यंत भेटला नाही.

बाईंनी पिशवी घेतली आणि धड बसही न जाणाऱ्या गावांना ऑटोने, पायी, जमेल तशा गेल्या. लेकींनी जपून ठेवलं होतं. एकीने मेमरी कार्ड बांगड्यांच्या डब्यात घातलं होतं, एकीने पोथीसारखं फडक्यात बांधून. पावसाळ्याच्या आत सगळ्या ओव्या वापस आल्या.

"सगळ्या भेटल्या ना?" मी विचारलं.

"एक नाही भेटली. माह्या मायची."

मी म्हणालो, तिच्या लेकीकडे असेल की. आईची एकुलती लेक बाईच होत्या, आणि आई आता राहिली नव्हती. ते बियाणं धाडायला दुसरं घर नव्हतं.

"पन तुह्या फोनमंदी असन," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी उतरवलं होतं नं? तेच गानं."

ठसक्याचं. पाण्याचं. ते मी दुसऱ्याच दिवशी पुसलं होतं, उगाच जागा अडते म्हणून. बाईंनी सगळ्या जगात एकच दुसरं घर शोधलं होतं आणि ते माझं होतं. ते मी त्यांना सांगितलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "फोन चालू कर. मी म्हनतो. चाल तरी राहीन."

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या आवाजातली ती टेप तिसऱ्या, रटाळ सेवेवर आहे, दुकानातल्या डिस्कवर आहे आणि पांढुर्ण्याला माझ्या बहिणीच्या घरी आहे. दर महिन्याला मी ती तिन्हीकडून उतरवून ऐकतो, वापस येते की नाही ते बघायला. येते. ओवी अर्ध्यावर येते तिथे, आईला ठसका लागला होता त्या जागी, बाई थांबल्या आहेत. तेवढा वेळ काहीच ऐकू येत नाही.