अनंत ताकदीचा चोक

जगातला सर्वांत ताकदवान चोक माझ्या हातून तयार झाला, तो भोरला, आमच्या घराच्या पडवीत.

सासऱ्यांचा जुना वाल्वचा रेडिओ गाण्यापेक्षा घूं-घूंच जास्त करायचा. थोरले साडू म्हणाले, आतलं सगळं काढून टाका, पुण्यातल्या माझ्या हॉलात शोपीस म्हणून ठेवतो. मामा (म्हणजे सासरेच) कळवळले. हे ऐकून गप्प बसेन तर मी धाकटा जावई कसला! घूं-घूं अडवणारा चोक जळालाय, असं मी निदान केलं, कापूरहोळच्या भंगारातून जुन्या स्टॅबिलायझरच्या लोखंडी पट्ट्या आणल्या आणि त्यावर स्वतः तार गुंडाळली. जमलं नाही तर रेडिओ संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला जाणार होता.

आंबवड्याहून मामा सकाळीच आले आणि रेडिओ बोलल्याबिगर पाणी घ्यायचं नाही म्हणून बसले. चोक बसवण्याआधी त्याचा इंडक्टन्स, म्हणजे घूं-घूं अडवायची ताकद, मोजायला हवा. चोक आणि बल्ब एकामागे एक जोडायचे, घरची लाईन द्यायची, कुणावर किती व्होल्ट पडतात ते बघून गणित करायचं. शॉक बसू नये म्हणून मी सगळ्यांना जेवायच्या पाटांवर उभं केलं. मामा पिशवी छातीशी धरून हळदीच्या नवरदेवासारखे उभे. रंजनानं (ही माझी बायको) देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

बल्ब पेटलाच नाही. मीटरवर चोकला सगळे व्होल्ट, बल्बला शून्य. मी शून्यानं भागलं आणि मला घाम फुटला.

"मामा, इंडक्टन्स अनंत आलाय."

"म्हंजी लई?"

"लई म्हणजे, मोजताच येत नाही."

मामांनी लगेच मोबाईलवरून साडूंना कळवलं, की शोपीस दुसरं बघा. मी चोक रेडिओत बसवला. घूं-घूं पार बंद! मामा बराच वेळ कान लावून थांबले.

"घूं-घूं गेली व्हय. पर बातम्याबी गेल्या की, जावईबापू."

जावयाला नावं ठेवायची नाहीत म्हणून एवढंच बोलले, पण डोळे भरून आले होते.

तेवढ्यात रंजना चोकवर वाकली. "अवो, ह्या तारंला वार्निश असतं, खरवडल्याबिगर करंट जात न्हाई, असं सकाळी मलाच शिकवत होता न्हवं? मग खरवडलं का?"

खरवडलं नव्हतं. म्हणजे चोकमधून वीज गेलीच नव्हती! तिनं विळीवर तारेची दोन्ही टोकं स्वतः घासली (मला विळीला हात लावू दिला नाही). पुन्हा पाट, पुन्हा देवाचं नाव. बल्ब मिणमिणला, अनंताचे चार-पाच हेन्री (हे इंडक्टन्सचं माप) झाले आणि चोक बसवल्यावर रेडिओ बोलायला लागला. मामांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं.

रेडिओ आता आंबवड्यात वाजतो. जरा कुरकुरला, की मामा रंजनाला बोलावतात. मलाही बोलावतात, पण ओसरीवर नव्या चादरीवर बसवून चहा देतात आणि कशालाच हात लावू देत नाहीत. शोपीस शेवटी धाकट्या जावयाचंच झालं.