एकतिसावा किलोमीटर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदालाही नाही. लग्नाला तीस वर्षं होतील आता, घरातली प्रत्येक गोष्ट तिला ठाऊक असते — पण ही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळलेलं नाही.

मी धारवाडला गणित शिकवतो. पेपर तपासताना अर्धा मार्क इकडचा तिकडे झाला तर रात्री उठून पुन्हा बेरीज करणारा माणूस. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात. निदान आकडा तरी मी खोटा सांगणार नाही, असं त्यांना वाटतं. आणि आकडा मी कधीच खोटा सांगितला नाही — तिथेच तर सगळं आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी मॅरेथॉन पळालो. धारवाडहून हुबळी, हुबळीहून परत धारवाड. वेळ तीन तास एकोणसाठ मिनिटं सहा सेकंद. चार तासांच्या आत यायचं होतं, आलो. लोक पहिल्या दहा किलोमीटरमध्ये उधळतात आणि शेवटच्या दहांत पाय ओढतात. मी तसा पळणारा नव्हतो. दर किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद. सोबतच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा, छातीत दम शिल्लक ठेवायचा. हे दम शिल्लक असणं लक्षात ठेवा.

घरच्यांना मी नियम घालून दिला होता. मला थांबवायचं नाही. काही विचारायचं नाही. ताकाची बाटली हातात द्यायची, दहा पावलं सोबत यायचं आणि बाजूला व्हायचं. याची आम्ही चार रविवार तालीम केली. माझे थोरले भाऊ अण्णा — जुन्या हुबळीत त्यांचं कापडाचं दुकान — पन्नाशीचे, पायजमा वर खोचून बाटली घेऊन माझ्या बाजूने पळायचे आणि धापा टाकत म्हणायचे, "मास्तर, तू पळतोस की तुझं घड्याळ?" वडील लवकर गेले. मला वाढवलं ते अण्णांनी. ते घड्याळही त्यांनीच आणून दिलेलं — बटण दाबलं की त्या किलोमीटरची वेळ साठवून ठेवणारं.

शर्यतीच्या दिवशी सुनंदा हुबळीच्या वळणावर उभी होती, वहिनी धारवाडला शेवटच्या रेषेपाशी. एकतिसाव्या किलोमीटरला, नवनगर मागे पडल्यावर, अण्णा. तिथेच पाय जड होतात, म्हणून ती जागा त्यांनी मागून घेतली होती.

मी पोचलो तेव्हा ते उभे नव्हते.

रस्त्याकडेच्या झाडाखाली बसले होते, डावा खांदा एकीकडे कललेला. बाटली मांडीवर. मला पाहून त्यांनी उजवा हात उचलला आणि म्हणाले, "थांब रे जरा."

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. तोंडाची एक बाजू उतरलेली होती, तीही पाहिली. माझा वेग कमी झाला — थांबलो नाही, कमी झाला. मनगटाकडे पाहिलं. आणि पुढे गेलो.

काय विचार केला मी तेव्हा? ऊन लागलं असेल, असा केला का? नाही हो. सकाळचे साडेआठसुद्धा झाले नव्हते, कसलं ऊन? विचार एवढाच होता की वेळ जाईल.

पुढे वळणावर, शे-दीडशे पावलांवर, चहाची टपरी होती. बाकड्यावर तिघे बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. 'मागे झाडाखाली माझा भाऊ आहे, बघा जरा' — इतकंच म्हणायचं होतं. दम होता माझ्याकडे. मी हात हलवला आणि निघून गेलो.

रेषेपाशी वहिनींनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि विचारलं, "भाऊजी, हे भेटले का?"

"भेटले की. ताक पिऊनच आलो."

अण्णांना त्या टपरीवाल्यानेच टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. त्याने त्यांना पाहिलं ते नऊ वाजून तीन मिनिटांनी. रेडिओवर नऊच्या बातम्या नुकत्या लागल्या होत्या, असं तो सांगत होता. मी तिथून गेलो आठ पंचविसाला. अडतीस मिनिटं. ही वजाबाकी मी किती वेळा केली असेल?

दोन दिवसांनी अण्णांना बोलता येऊ लागलं. कुणीतरी विचारलं, कधी झालं हे? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा गेल्यावर," ते म्हणाले. "त्याला काय ठाऊक?"

डावा हात परत आला नाही. कापड मोजायला दोन हात लागतात — एकाने ठाण धरायचं, दुसऱ्याने पट्टीवर ओढायचं. पुढची नऊ वर्षं गिऱ्हाईकच दुसरं टोक धरत असे. आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला माझे बेचाळीस आकडे, एकेका किलोमीटरच्या वेळेचे, अण्णांनीच चौकटीत बसवून घेतलेले. सगळे पाच चाळीसच्या आसपास, सेकंद-दोन सेकंदांचा फरक. फक्त एकतिसावा पाच एक्कावन्न, आणि बत्तिसावा पाच एकोणतीस. गेलेले अकरा सेकंद मी पुढच्याच किलोमीटरमध्ये वसूल केले होते. एकदा मी दुकानात असताना एका गिऱ्हाइकाने त्या एक्कावन्नवर बोट ठेवलं. इथं काय झालं, सावकार? — दुकानदाराला आमच्याकडे असंच म्हणतात.

अण्णा म्हणाले, "तिथं मी त्याला ताक दिलं."

मी समोरच उभा होतो. हातात कापडाचं दुसरं टोक.

चार तासांपेक्षा मला चोपन्न सेकंद कमी लागले होते. म्हणजे चोपन्न सेकंद मी थांबू शकलो असतो, आणि तरीही आकडा तोच सांगता आला असता — चार तासांच्या आत. हे गणित मला तेव्हाही येत होतं.

अण्णा गेले. वहिनी आता आमच्याकडे असतात. रोज चष्मा लावून छापलेलं सगळं वाचतात, हेही वाचतील. दवाखान्यात टपरीवाल्याने अण्णांच्या वस्तू वहिनींच्याच हातात दिल्या होत्या — चप्पल, चष्मा, ताकाची बाटली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. वहिनींनी ती माझ्यासमोर मोरीत ओतली, विसळली आणि पालथी घातली.