बिनगाड्यांचा रस्ता

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होते. "काकू, आई गेली," एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "कोणत्या रस्त्यावर?" ती म्हणाली, "रस्त्यावर नाही काकू. घरातच. चहा पिता पिता मान टाकली." मला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली आणि रडू फुटलं.

प्रज्ञाची आई, सुशीलाताई, लातूरला आमच्या समोरच्या घरात राहायच्या. माहेर चाकूरचं. सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्या कॉलेजात असताना त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद सायकलवरून घरी येत होता आणि हमरस्त्यावर ट्रकखाली सापडला. त्याचा फोटो त्यांच्या बैठकीत बुद्धमूर्तीशेजारी असायचा. तेव्हापासून ताईंनी सायकलला हात लावला नव्हता. दोन वर्षांपूर्वी गुडघेदुखी आणि साखर दोन्ही वाढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालवा. त्या दिवशी संध्याकाळी ताई माझ्या दारात उभ्या. "मंगल, तू चालवतीस ना सायकल? मला संगं ने. पण गाड्या नसल्याला रस्ता पाहिजे बघ. हॉर्न वाजला की माझे हातपाय गळतात."

असा रस्ता लातुरात शोधायचा म्हणजे गंमत नव्हे. मार्केट यार्डाकडे पहाटेपासून ट्रकांची रांग. क्लासेसच्या भागात पोरापोरींच्या स्कूटी अंगावर येतात. डाळमिलच्या मागची गल्ली बरी वाटली, तर तिथे पोती भरायला टेम्पो उलटे येत होते. एकदा एका टेम्पोचा मागचा फाळका ताईंच्या खांद्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. नंतर ताई प्रत्येक नव्या रस्त्याला आधी ऑटोने जायच्या, मध्येच ऑटो बंद करायला लावायच्या आणि कान देऊन बसायच्या. ऑटोवाला म्हणायचा, "मॅडम, काय ऐकून राहिल्या?" शेवटी औशाच्या बाजूला, प्लॉटिंग संपल्यावर शेतांमधून जाणारा एक डांबरी रस्ता सापडला. गाडी नाही, घोडं नाही. दोन्हीकडे सोयाबीन. त्या दिवशी मी ताईंना पहिल्यांदा सायकलवर हसताना पाहिलं.

तो शांत रस्ता तिसऱ्या रविवारी आमच्यावर उलटला. मागून एक मोटारसायकल आली, दोघं जण बसलेले. पुढे गेली, थांबली, वळली आणि सावकाश परत आली. आमच्याजवळून जाताना मागचा काहीतरी बोलला आणि हसला. मग ती पुन्हा वळली. आसपास घर नाही, गोठा नाही. ज्या रस्त्याला कुणी नाही म्हणून आम्ही खूश होतो, त्याच रस्त्याला आता कुणी नव्हतं... ताई सायकलवरून उतरल्या. त्यांचा आवाज असा खणखणीत निघाला की मीच दचकले. "ओ मावशी! भाकर आणली का आमची?" मी बघितलं तर लांब, पिकात वाकलेल्या दोन बायका खुरपत होत्या. त्यातली एक उभी राहिली. ओळख ना पाळख, पण तिने आमच्याकडे पाहिलं, मोटारसायकलकडे पाहिलं आणि खुरपं वर करून ओरडली, "आणली की! या लवकर, धनी बी येऊन राहिलेत!" मोटारसायकल जरा वेळ तशीच घुरघुरत उभी राहिली आणि मग निघून गेली.

बांधावर बसल्यावर ताईंना हुडहुडी भरली. भर उन्हात दात वाजत होते. त्या बाईने पाणी दिलं. ताई म्हणाल्या, "आजवर मला वाटायचं, भ्याव फक्त गाड्यांचं असतंय."

मी ठरवलं, बस झालं. पण पुढच्या रविवारी ताई सायकल घेऊन दारात. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटून राहिली की. लई वाटून राहिली. एकटीनं जमंना म्हणून तर तुला हाका मारून राहिले."

त्यानंतर त्या रस्ता निराळ्या नजरेने बघू लागल्या. नुसता रिकामा नको. पिकात माणसं हवीत, मोटर चालू असलेली विहीर हवी, एखादं घर हवं. "गाड्या नकोत, पण हाकेला ओ पाहिजे," म्हणायच्या. अशा दोन वाटा त्यांनी शोधल्या. एकीवर पुढे खडीचे टिपर सुरू झाले आणि ती आम्हाला सोडावी लागली. दुसरी राहिली.

परवा मी प्रज्ञाकडे बसले होते. ती म्हणाली, "काकू, आई शनिवारी जेवायची नाही, माहीत आहे? पोटात गोळा यायचा तिच्या. मी म्हणायचे, मग जातेस कशाला? तर म्हणायची, घरात बसले तर सोमवारी पण येईल गोळा." मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं शेजारून सायकल चालवूनही नव्हतं. मग प्रज्ञा म्हणाली, "मला न्याल का एकदा त्या वाटेवर? मामामुळे आईने मला कधी सायकल शिकू दिली नाही. तुमच्यासोबत जायला लागली तेव्हा म्हणाली, आता तूही शीक. कॉलनीतच शिकले. बाहेर कधी गेले नाही."

काल सकाळी आम्ही निघालो. कॉलनीच्या वळणाशी प्रज्ञा थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझाही काही वेगळा नसणार.

"काकू, तिकडं गाडी आली तर?"

"एखादी येईल."

"मग काय करायचं?"

"उतरायचं. कडेला उभं राहायचं. गेली की परत बसायचं."

तिने मान हलवली. तिचं हँडल डगमगत होतं. मी माझी सायकल रस्त्याच्या मधल्या, गाड्या येतात त्या बाजूला घेतली आणि तिला कडेने पुढे जाऊ दिलं.