कायकूचाचा

कायकूचाचांच्या दुकानात नुसता गूळ मिळत नसे. आधी जबाब द्यावा लागे. "कायकू होना?" हा त्यांचा पहिला सवाल. पोळीला, चहाला, का बाळंतिणीच्या लाडवाला? त्यावर कुठल्या ढेपेला हात घालायचा ते ठरे. तांदूळ मागितला तर खिचडीला का पुलावाला. चिंच मागितली तर आमटीला का भांड्याला. तांब्यापितळेची भांडी घासायची आहेत म्हटलं की मागच्या डब्यातली काळी पडलेली चिंच निघे. "चांगली चिंच भांड्याला लावायची नाय," म्हणत. छावणीच्या बाजारात त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

मला हे विचारणं आवडायचं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. माणूस मी उतावळा. सकाळी कचेरीची बस गाठायची घाई, आणि चाचा विचारताहेत, खडीसाखर कुणासाठी? आईला खोकला झालाय, असं सांगून मी सुटायला बघे. मग खोकला कोरडा का ओला, कधीपासून, रात्री वाढतो का. मी घड्याळाकडे बघत राही. संध्याकाळी घरी यावं तर चाचा ज्येष्ठमधाची पुडी घेऊन दारात उभे, आईशी बोलताहेत. बसा म्हटलं तरी बसत नसत. दुकानातलं स्टूलही गिऱ्हाइकासाठीच होतं. ते स्वतः कायम उभे, काहीतरी उचलत, काहीतरी पाखडत.

लग्न होऊन माझी बायको साताऱ्याहून आली. आईनं तिला चाचांकडे जवस आणायला पाठवलं, तर ती रिकाम्या हातानं परतली, डोळ्यांत पाणी. "ते मला म्हणाले, कशाला हवंय. मी काय फुकट मागायला गेले होते?" आई हसून हसून बेजार झाली. "अगं, कायकू म्हणजे चटणीला का लाडवाला, एवढंच विचारतो तो." बायकोला ते समजलं, पटलं मात्र कधी नाही.

पुढे काही वर्षांनी जालना रोडवर ते भलंमोठं दुकान उघडलं, तेव्हा ती तिथून खुशीत आली. "कुणी काही विचारत नाही हो तिथं." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? गाडी ढकलायची, हवं ते त्यात टाकायचं, निघायचं. बघता बघता सगळी छावणी तिकडे वळली.

चाचांना आता उभंही राहवेना. पायरी उतरून रस्त्यात येत, दोन्ही बाजूंना बघत, परत आत जात. मी समोरून जायचं टाळू लागलो होतो. एकदा त्यांनी गाठलंच. "सुधाकर, मला घेऊन चल तिथं. आपलं काय चुकतंय ते बघू दे. कळलं तर सुधारता येईल, नाय तर हे बंदच करावं लागंल."

रविवारी सकाळी गेलो. चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता, अत्तर लावलं होतं. आत शिरल्यावर पाच मिनिटं ते नुसते फळ्या बघत फिरले. मग तांदळाच्या पिशव्यांपाशी एक बाई दिसली आणि त्यांना राहवलं नाही.

"कायकू होना, बेटा?"

"काय?"

"पुलावाला घेता ना? हा नवा तांदूळ हाय. गिचका व्हईल." आणि त्यांनी तिच्या गाडीतली पिशवी काढून दुसरी ठेवलीसुद्धा. बाई गाडी घेऊन बाजूला सरकली. चाचा पुढच्या माणसाकडे वळले, त्याच्या हातात शेंगदाणे होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळलेला मी बघत होतो.

गणवेशातला रखवालदार आला. "चाचा, लोकांना तरास देऊ नका."

"तरास कुठं? सांगतोय फकस्त."

"तुम्ही कुणासंगं आलात?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर होतो. आजूबाजूचे सगळे बघत होते, त्यात माझ्या कचेरीतला एकजण होता. मी बिस्किटाचा पुडा उचलला आणि त्याच्या मागचं वाचू लागलो. रखवालदारानं चाचांचं कोपर धरलं आणि त्यांना दारापर्यंत नेलं.

मी सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा ते रस्त्यापलीकडे रिक्षापाशी उभे होते. वाटेत एवढंच म्हणाले, "आत थंडी लई ठेवतात."

वर्षाच्या आत चाचांचं दुकान बंद झालं. चाचा पाचोडला लेकीकडे गेले. त्या मोठ्या दुकानानं चाचांना संपवलं, असं मी चारचौघांत तावातावानं बोलायचो. बोलून झाल्यावर जेवण जात नसे. शेवटी एका बाजाराच्या दिवशी एसटीत बसलो. माफीचं वाक्य वाटभर घोकत होतो.

चाचा जावयाच्या मिरचीच्या दुकानात होते. बसलेले होते. मला बघून त्यांनी चहा मागवला, आईची चौकशी केली, बायकोची केली. मी तोंड उघडणार एवढ्यात तेच म्हणाले, "त्या दिवशी तुझं ध्यान नव्हतं ना रे? तू सामान बघत व्हतास."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी खाली कपाकडे पाहिलं.

"हो चाचा," मी म्हणालो, "ध्यान नव्हतं."

"तेच मी पोरीला सांगत व्हतो," चाचा म्हणाले आणि मोकळेपणानं हसले.