वाटेतला सांगावा

उद्धवरावांचा फोन आला तेव्हा देवाजी गुरुजी दिल्लीत, लेकीच्या गच्चीवर, कपडे वाळत घालत होते. मैत्री एका सरकारी कचेरीत कारकून. ती कामावर गेली की तिचं घर आणि लांबलचक दुपार गुरुजींच्या अंगावर पडायची. बायको गेल्यापासून मावला गावातलं घर बंद करून ते वर्षातले काही महिने इथे काढत.

"मास्तर, पंकजची माय गेली," उद्धवराव म्हणाले. "पहाटेच."

गुरुजींच्या हातात ओला सदरा तसाच राहिला. त्यातून पाणी ठिबकत राहिलं. बाजारहत्नूरजवळच्या त्या गावात मराठी शाळेवर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. आशाबाईंनी थोरल्या पंकजला कमरेला धरून पहिलीच्या वर्गात आणून बसवलं, ते त्यांना दिसलं. पोरगं रडत होतं आणि माय हसत होती.

उद्धवराव, पंकजचे वडील, बोलत राहिले. पंकज मस्कतला एका गोदामात कामाला. माय सीरियस आहे, एवढंच त्याला कळवलं होतं. हैदराबादच्या विमानात जागा मिळाली नाही, म्हणून तो दुपारी दिल्लीला उतरणार होता. तिथून संध्याकाळची रेल्वे धरून सकाळी नागपूर, मग जीपने गाव.

"तुमी तिथं हाय म्हनून सांगतो. त्याले उतरवून घ्या आन् रेल्वेत बसवून द्या. पन सांगू नोका. वाटेवरच्या मानसाले मरन सांगू नाही, पायातलं बळ जाते. शिवेच्या आत आला का मी सांगतो."

"आनि मयत?"

"संध्याकाळी उरकतो. पाहुने सारे आले. उनाचं किती वेळ ठेवता? धाकला वैभव अग्नी देते."

"म्हंजे पंकज येईपर्यंत..."

"राख सावडाले पोचते ना, मास्तर. लय झालं."

फोन बंद झाला. गुरुजींनी सदरा पिळला, झटकला, दोरीवर टाकला. मग ते खाली गेले.

उद्धवरावांच्या मनात वाकडं काही नव्हतं. दिल्लीत दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं, एवढंच. पण गुरुजींचा आजा, पंढरी, याच उद्धवरावांच्या घराण्याचे मरणाचे सांगावे गावोगाव नेत असे. ते काम त्यानं मागितलेलं नव्हतं, जातीनं त्याच्या पाठीवर ठेवलेलं होतं. घुंगराची काठी घेऊन तो अनवाणी निघायचा. पोटात सांगावा असताना घास खायचा नाही, कुणाच्या ओट्यावर टेकायचा नाही. सांगावा वाटेत शिळा होऊ द्यायचा नाही. दुसऱ्या गावात पोचला की घरापासून दूर उभं राहून तो सांगायचा. आधी घरधन्याचं नाव, मग गेलेल्याचं, मग वेळ. त्यापुढे एक शब्द नाही. ओंजळीत वरून पाणी, धोतराच्या सोग्यात पसाभर ज्वारी, की लगेच माघारी. ज्याच्या मरणासाठी पाय झिजवले त्याच्या मयतीला त्यानं थांबायचं नसे.

दीक्षा घेतली त्या वर्षी गुरुजींच्या बापानं ती काठी चुलीत घातली. घुंगरं मात्र जळाली नाहीत. राखेत काळी होऊन पडली होती, असं बाप सांगायचा.

आता तेच काम फिरून दारात आलं होतं, आणि उलटं होऊन आलं होतं. आजाला सांगायला पाठवत. नातवाला न सांगायला पाठवत होते.

विमानतळावर पंकज बाहेर आला तो हसतच आला. अंगानं भरला होता, कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"गुरुजी! तुमी काऊन आले? मी काय लहान हाय का?"

"रिकामाच होतो."

"बाबानं पाठवलं असन." पंकज वाकून पाया पडला. उठताना त्यानं गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच ट्रॉलीकडे वळला. "चला. तिथले पोरं सांगत होते, शहरात जानारी गाडी खालूनच सुटते. टॅक्सीनं गेलं का रस्त्यातच म्हातारं व्हा लागते."

दोघं जमिनीखाली उतरले. एक्सप्रेस मेट्रोच्या फलाटावर काचेच्या भिंती होत्या आणि गार हवा होती. दार उघडायच्या आधीच गुरुजी पिवळ्या रेघेमागे जाऊन उभे राहिले.

"तुमी तर लायनीत लागले," पंकज म्हणाला. "आमाले लायनीत उभं करत होते, ते फिटलं आता."

"तू तवाबी लायनीत नव्हता. मागून खडे मारत होता."

"ते मोतीराम होता, गुरुजी. माह्यावर बिल फाटत होतं."

गाडी आली. बॅगा मांडणीवर ठेवून दोघं समोरासमोर बसले. दार मिटलं आणि बोगद्याचा काळोख काचेला चिकटून पळू लागला. नवी दिल्ली स्टेशनापर्यंत मध्ये थोडेच थांबे. तेवढ्यात निभवायचं होतं. एकदा पंकज गर्दीच्या फलाटावर गेला, सामान, डबा, बर्थ यांत अडकला की बोलायला जागाच उरणार नव्हती, आणि तिकडे गावात सूर्य उतरत जाणार होता. काही न बोलता बसून राहणं, इतकं सोपं काम होतं ते.

पंकज बोलत राहिला. गोदामातला केरळी मुकादम, तिथलं ऊन, खोलीतल्या पोरांनी वर्गणी काढून घेतलेला फ्रिज. फार बोलत होता. मध्येच त्यानं पायाजवळच्या पिशवीतून एक खोकं काढलं आणि उघडलं. आत गुडघ्याला बांधायचे दोन जाड पट्टे होते.

"मायसाठी. कापूस येचाले गेली का तिचे गुडघे सुजतात, आन् घरी तरी बसत नाही. हे बांधलं का बसता-उठता येते म्हनते दुकानदार." त्यानं एक पट्टा स्वतःच्या गुडघ्यावर धरून पाहिला. "तिले ढिल्ला होईन का हो, गुरुजी? तुमी पाह्यलं ना तिले औंदा? वाळली म्हने लय."

 गुरुजींचा हात शेजारच्या पाण्याच्या बाटलीकडे गेला. सकाळपासून आपण ती उघडली नाही, काही खाल्लंही नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"बाबा फोनवर बराबर बोलत नाही," पंकज म्हणाला. पट्टा अजून गुडघ्यावरच होता. "सलाइनची बाटली लावली म्हने. झोपली हाय म्हने. जवा पाहावं तवा झोपलीच हाय."

एरोसिटीचा थांबा आला. चाकांच्या बॅगा आत आल्या, दार मिटलं. आता धौला कुआँ, मग शिवाजी स्टेडियम, मग शेवटचं स्टेशन.

गुरुजी उठून उभे राहिले. का उठले ते त्यांना कळलं नाही. बसून सांगता आलं असतं, खांद्यावर हात ठेवून सांगता आलं असतं. त्यांनी मधला दांडा धरला.

"पंकज. उद्धवरावांच्या आशाबाई गेल्या. आज पहाटे."

आधी घरधनी, मग गेलेली, मग वेळ. आजाच्या तोंडून त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं.

पंकजनं मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, सांगणं कठीण. मग त्यानं तो पट्टा जुन्या घडीवर घडी घालून खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं. झाकण नीट बसत नव्हतं. ते तो दाबत राहिला. गाडी बोगद्यातून वर आली आणि सगळ्या डब्यात एकदम ऊन पडलं.

"कवा नेऊन राह्यले?"

"संध्याकाळी."

"आज?"

"आज."

त्यानं फोन लावला. पलीकडे बायांचा रडण्याचा आवाज होता, तो गुरुजींपर्यंतही आला. डब्यातली माणसं वळून पाहू लागली आणि पाहून दुसरीकडे बघू लागली.

"बाबा, थांबा." आवाज मोठा नव्हता. "मी येऊन राह्यलो, थांबा. वैभवनं अग्नी दिला का मी देल्ला, सारखंच हाय. पन मले तोंड पाहाचं हाय तिचं. तोंड पाहाचं हाय, बाबा. इचोड्याले बर्फाची पेटी भेटते भाड्यानं. निजवा तिले तिच्यात. उद्या दुपारलोक ठेवा."

मग तो ऐकत राहिला. मग फोन पुढे केला. "तुमाले मागून राह्यले."

"मी सांगू नोका म्हनलं होतं ना, मास्तर?" उद्धवराव म्हणाले.

"म्हनलं होतं."

"मंग?"

गाडी पुन्हा खाली काळोखात शिरली. गुरुजींनी दांडा घट्ट धरला.

"उद्धवराव, तुमच्या घरचे किती सांगावे आमच्या आजानं नेले, तुमाले माहीत हाय. त्यानं एकबी वाटेत ठेवला नाही."

पलीकडे बाया रडतच होत्या.  

"वैभवले इचोड्याले पाठवतो," उद्धवराव म्हणाले. "पेटी आनते तो." आणि मग, "कसा हाय पोरगा?"

"बसला हाय."

"बरं."

नवी दिल्ली स्टेशनावर ते पुलावरून पलीकडे गेले. एक बॅग गुरुजींच्या हातात होती आणि खोकं पंकजनं छातीशी धरलं होतं. हमालांनी दोनदा विचारलं, दोघांनाही ऐकू आलं नाही. डबा सापडला, बर्थ सापडला. पंकज खिडकीशी बसला आणि तिथे पहिल्यांदा रडला, तोंड काचेकडे करून, आवाज न करता. गुरुजींनी सामान सीटखाली सरकवलं, बाटली उघडली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं दोन घोट घेतले आणि परत केली. मग त्याच बाटलीला तोंड लावून गुरुजी प्यायले. 

त्यांचं काम झालं होतं. आजा इथून माघारी वळला असता.

"उतरा, गुरुजी," पंकज म्हणाला. "सुटते गाडी."

"सुटू दे."

"तिकीट?"

"टीसी मागीन तवा पाहू. सरक तिकडं."

फलाट हलू लागला तेव्हा त्यांनी मैत्रीला फोन लावला. तिनं विचारलं, कुठं आहात. ते म्हणाले, गावाकडं निघालो. आशाबाईंच्या मयतीला. गच्चीवरचे कपडे काढून घे, आणि रात्री माझी पोळी टाकू नको.