बंद दाराआडून ऐकलेला ऑपेरा

परदेशात, पोरिरुआ शहरातल्या एका औषधाच्या दुकानात चंद्रशेखर देवस्थळी एकोणीस वर्षं फार्मासिस्ट होते. तिथल्या मराठी मंडळात कुणी मुलीबद्दल विचारलं की म्हणायचे, "अनुया कम्प्युटर करतेय." पहिल्या वर्षापुरतं ते खरंही होतं. मग तिने कोर्स सोडून संगीतरचना घेतली. हे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही.

एकविसाव्या वर्षी अनुयाने पहिला ऑपेरा लिहिला, तोही इटालियनमध्ये.

"संगीत नाटकासारखं, बाबा. फक्त टॉकिंग नाही, ऑल सिंगिंग," तिने समजावलं.

पहिल्या प्रयोगाला, शनिवारी दुपारी, युनिव्हर्सिटीच्या हॉलच्या दारात नेमका मंडळातला मधू भेटला. त्याची शेजारीण कोरसमध्ये गाणार होती.

"तुम्ही इकडे कसे?"

"दुकानातल्या एका मुलीकडे जास्तीचं तिकीट होतं," चंद्रशेखर बोलून गेले.

वळून पाहतात तर मागे अनुया. त्यांच्यासाठी आणलेली कार्यक्रमपत्रिका तिने मधूच्या हातात दिली आणि ती आत निघून गेली.

स्टेजवर एक धोबीण समुद्रावर गेलेल्या नवऱ्याच्या पत्राची वाट पाहत गात होती. भिंतीवर इंग्रजीत अर्थ उमटत होता. चंद्रशेखरांना त्यातली एकही ओळ वाचवेना. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हे मात्र खुर्चीत खिळलेले. मधूने पत्रिकेतल्या अनुयाच्या नावावर बोट ठेवलं. "अभिनंदन," तो हळूच म्हणाला. त्यापेक्षा त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं," गाडीत ते म्हणाले.

"इट्स फाइन," अनुया खिडकीबाहेर बघत म्हणाली. फाइन काहीच नव्हतं.

रविवारच्या प्रयोगाची तिकिटं संपली होती. तरी ते एकटेच गेले आणि लॉबीत बसले. तिकिटं तपासणाऱ्या मुलीने विचारलं, कुणाची वाट बघताय का?

"माझ्या मुलीचा ऑपेरा आहे," ते गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले.

दार बंद झालं. धोबिणीचा आवाज फटीतून जेमतेम येत होता. ते कान देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिले.

प्रयोगानंतर अनुया बाहेर आली. त्यांना बघून क्षणभर थांबली. मग हातातलं जड खोकं तिने पुढे केलं.

"कारमध्ये ठेवशील?"

त्यांनी ते उचललं.

पुढच्या आठवड्यात मंडळातल्या एकेकाला त्यांनी स्वतः फोन करून खरं सांगितलं. मधूला मात्र त्यांच्याने फोन करवला नाही. तो समोर आला की अजूनही त्यांची मान खाली जाते.