चोवीस कुठे गेले?

गणित शिकवायला शिकणारी पोरं त्यांना पाठीमागे ‘घड्याळबाई’ म्हणायची. तीस वर्षं त्या नवख्या शिक्षकांचे पाठ तपासायला वर्गात शेवटच्या बाकावर बसत होत्या. डोळा मनगटावर. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद गप्प राहतो, ते मोजायचं!

मागच्या पाठाला त्यांनी ताईची पार सालटी काढली होती. ताई म्हणजे शिकाऊ शिक्षिका. मुलं तिला तशीच हाक मारत. “प्रश्न तूच विचारलास, दोन सेकंदांत उत्तरही तूच दिलंस. मग मुलांना बोलावलंस कशाला? टाळ्या वाजवायला?”

आज शेवटचा पाठ. बाईंची सही नाही मिळाली, तर अख्खं वर्ष पुन्हा.

ताईने फळ्यावर लिहिलं: कंसात तीन अधिक चार, कंस पुरा, त्याचा वर्ग. “किती?”

“पंचवीस!” दोन वेण्यांची एक मुलगी ठणकावून म्हणाली. “तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा.”

“हॅ! साती साती एकोणपन्नास!” मागून कुणीतरी हाणलं.

“मग चोवीस कुठे गेले?” ताईने विचारलं आणि ओठ घट्ट मिटले. उत्तर अगदी जिभेच्या टोकावर. पाच सेकंद. दहा. कुणी खोकलं. पंखा घरघरला. वीस. तिच्या मुठीत खडू घामेजला. संपलं, बुडालो आपण!

तेवढ्यात वेण्यावाली उठली. तिने सरळ ताईच्या मुठीतून खडू काढून घेतला. फळ्यावर मोठा चौकोन काढला, प्रत्येक बाजू तीन नि चारात तोडली, आडव्या-उभ्या रेघा मारल्या. “हा नऊचा. हा सोळाचा. आणि... अय्या! ह्या दोन खोल्या मी मोजल्याच नाहीत! बारा नि बारा!”

वर्ग दणाणला. हे चित्र ताईने पुस्तकात शंभरदा पाहिलं होतं. पण इथे ते तिच्या डोळ्यांदेखत जन्माला आलं होतं. तिने मागे पाहिलं, तर घड्याळबाई चक्क उभ्या! तोंड उघडं, घड्याळाचं भानच नाही.

तास संपताच बाई तडक वेण्यावालीकडे गेल्या. “खोल्या म्हणालीस ना? कसं गं सुचलं?”

“सुचलं नाही बाई. दिसलं.”

बाईंनी वही उघडून ती आकृती हुबेहूब उतरवली, तारीख टाकली. ताईने मान उंचावली. पानोपान मुलांच्या आकृत्या, मुलांची वाक्यं. शिक्षकांबद्दल एक अक्षर नाही! ती वाचतच राहिली.

“अगं ए, सही नको का?”

“कसली सही, बाई?”

बाई खो-खो हसल्या आणि पेन घेऊन ताईच्या पाठाच्या वहीकडे वळल्या.